पाच पापण्या

टोलेडो, ओहायो. मंगळवार, संध्याकाळचे साडेसहा.
चित्रपट अजून कच्चा: एका प्रसंगात खारीला
शेपूटच नव्हतं, नुसत्या करड्या रेघा हलत होत्या,
आणि मुलं नेमकी तिथेच सर्वांत जोरात हसली.

माझं काम दारात उभं राहायचं.
प्रत्येकाला एक कार्ड, एक बोटभर पेन्सिल.
कार्ड परत घ्यायचं, पेन्सिल आली तर आली.
माणसं दोनशे बारा. कार्डं एकशे सत्याऐंशी.
पेन्सिली त्र्याण्णव.

मग बंद तिकीटखिडकीत बसून मी गठ्ठे लावते:
फार छान, छान, बरा,
आणि चौथा, ज्याला कंपनीनं नाव दिलेलं नाही.

वय सहा, अक्षरं आरशातून आल्यासारखी उलटी:
'क्विबल धबधब्यात पडली तेव्हा मी डोळे मिटले.
नंतर काय झालं?'

वय चाळीस, घाईत:
'दीड तासाची जाहिरात. पॉपकॉर्नचे पैसे वेगळे.'
त्याच कार्डावर खाली, जांभळ्या खडूनं:
'बाबा रडले. मी बघितलं.'

वय पंधरा: 'भावाला आणायचं म्हणून आले. पोरकट आहे.'
पुढे खूप खोडलेलं, आणि मग:
'कुठल्या तारखेला लागणार?'

पाचव्या रांगेत एकटा बसलेला तो पट्ट्यांच्या टोपीवाला,
त्यानं मागची बाजूही भरली, समासातही लिहिलं:
'चौऱ्याऐंशी सालच्या क्विबलला पोटाखाली चार चाकं होती.
यांनी तीन केली.
माझ्याकडे एकसष्ट खारी आहेत, सगळ्या डब्यात, न उघडलेल्या.
घरी जाऊन त्यांना काय सांगू?'

एक आजोबा: 'झोप छान लागली.'
हे मी 'फार छान'मध्ये टाकलं.

आणि मग हे कार्ड.
चौकटींत एकही खूण नाही.
मधोमध एक डोळा काढलेला, नाण्याएवढा,
एकदा उचललेला हात पुन्हा न टेकवता.
खाली नाव: बर्नाडेट साबो, वय एकोणऐंशी.

'काय बदलावं?' या प्रश्नापुढे:
'पापण्या पाच. आम्ही पाचच काढायचो.
नदीपलीकडे, दुसरा मजला, खिडकीपासून चौथं टेबल.
दिवसाला नऊशे डोळे.
यांनी पापण्यांची नुसती झाडी लावलीय,
ती बिचारी कुणाकडे बघतेय तेच कळत नाही.'

'पुन्हा कुणासोबत पाहाल?' या प्रश्नापुढे:
'इलोना असती तर तिच्यासोबत.
ती फक्त डावे डोळे काढायची, मी उजवे.
आमचं भांडण झालं त्या आठवड्यातल्या खारी
किंचित तिरळ्या निघाल्या.
त्याही विकल्या गेल्या.'

हाल्वोर्सन साहेब लॅपटॉप घेऊन आले,
बोट लावून लावून बेरीज केली: पाचपैकी तीन पूर्णांक आठ.
हे कार्ड त्यांनी उलटंसुलटं पाहिलं.
'खूणच नाही. मोजता येणार नाही,' म्हणाले,
आणि पापणी लवायच्या आत ते बाजूला पडलं.

मी ते उचललं. का, विचारू नका.
आमच्या घरी एक होती, बहिणीची, शेपूट चघळून चघळून बोडकी झालेली.
तिच्याकडे कुठूनही बघितलं
तरी ती माझ्या मागे कुणाकडे तरी बघत असायची.
आम्ही मागे वळून बघायचो सुद्धा.

बाहेर पार्किंगमध्ये दिवे लागले होते.
बसथांब्याच्या बाकावर एक बाई,
मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.
मला बघून उठली, पर्स उघडली,
पेन्सिल काढून माझ्या हातात ठेवली.

'बोथट आहे,' म्हणाली.
'असल्यानं पापणी येत नाही, गं.'

बस आली.
चौऱ्याण्णव.